आजोबा फर्स्ट क्लासमध्ये पास

दहावीनंतर आपल्याला कुणी मार्क देत नाही, असा ज्यांचा समज आहे त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर एकदा मोठ्या रुग्णालयात दाखल होऊन पाहावं. केस पेपर होतो, मनगटाला सुई टोचली जाते आणि मग सिस्टर एक फॉर्म काढते. मोर्स फॉल स्केल. जॅनिस मोर्स नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८०च्या दशकात कॅनडात तो तयार केला. पेशंट पडण्याची शक्यता किती, हे त्यातून काढायचं. सहा प्रश्न, एकूण १२५ मार्क. जितके जास्त मार्क तितकी काळजी जास्त.

आपल्या आजोबांचा पेपर तपासू. अलीकडे कधी पडला होता? नाही म्हणाले. दिवाळीत अंगणात पडले होते, पण सून शेजारी उभी असताना कोण कबूल करणार? शून्य. मूळ आजाराखेरीज दुसरा आजार? न्यूमोनियासाठी आलेत, मधुमेह आधीपासून आहे. १५. सलाईन चालू? २०. चालताना आधार कशाचा? काठी किंवा वॉकर असेल तर १५, पण कॉट, टेबल, भिंत जे हाताला लागेल ते धरत गेलात तर ३०. आजोबांना काठी आहे, पण ती घरी दाराआड आहे. म्हणून ३०. चाल कशी? जरा अशक्त. १०. डोकं ठिकाणावर? आहे. शून्य. बेरीज ७५. बहुतेक ठिकाणी ४५च्या पुढे गेलं की धोका मोठा मानतात. १२५ पैकी ७५ म्हणजे बरोबर साठ टक्के. आजोबा फर्स्ट क्लासमध्ये पास.

बक्षीस म्हणून मनगटाला पिवळा पट्टा आणि कॉटच्या डोक्याशी पिवळी पाटी. हा पेपर मग दर पाळीला पुन्हा द्यायचा. सकाळी ७५, दुपारी ७५, रात्री ७५. एवढं सातत्य आजोबांनी शाळेतही दाखवलं नव्हतं.

गंमत अशी, की या सहा प्रश्नांत दोन प्रश्न नाहीतच. एक, वय किती. दुसरा, रात्री लघवीला किती वेळा उठता.

पहिला एक वेळ सोडून देऊ, वय चेहऱ्यावर दिसतं. दुसऱ्याचं काय? रुग्णालयात म्हातारं माणूस कुठे पडतं, हे कुठल्याही वॉर्डातल्या मावशींना विचारा. कॉटपासून संडासापर्यंत जाताना, तिथे बसताना, तिथून उठताना. मावशींवर विश्वास नसेल तर अमेरिकेवर ठेवा. सेंट लुईसच्या एका मोठ्या रुग्णालयात पडलेल्या १८३ पेशंटचा अभ्यास २००४ साली छापून आला. निम्म्या पडण्यांचा संबंध संडास-लघवीशी होता. दहातले जवळजवळ आठ जण पडले तेव्हा आधाराला कुणी नव्हतं. निम्म्याहून जास्त पडले संध्याकाळी आणि रात्री. म्हणजे पडणं हा दैवाचा तडाखा वगैरे नाही, त्याला ठरलेली वेळ आहे, ठरलेली वाट आहे आणि ठरलेलं कारण आहे. एवढा नेमाने येणारा पाहुणा, आणि तो आला की आपण दर वेळी दचकतो.

चला, ती वाट एकदा चालून पाहू. रात्रीचे साडेतीन. पायावरची सूज उतरावी म्हणून आजोबांना लघवी होण्याची गोळी लिहिली होती सकाळी आठची. सकाळी राउंड लांबला, मग एक्स-रे होता, मग गोळी फार्मसीतून आली नव्हती. ती दिली संध्याकाळी सातला. दहाला झोपेची गोळी दिली, कारण शेजारच्या कॉटचा मॉनिटर टँवटँव करत होता आणि आजोबांनी दोनदा तक्रार केली होती. एक गोळी म्हणते ऊठ, दुसरी म्हणते झोप. तिसरी आहे रक्तदाबाची. तिच्या कृपेने आजोबा ताडकन उभे राहिले की रक्तदाब तितक्याच ताडकन खाली बसतो. झोपलेल्या अवस्थेत एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा बीपी मोजावं, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर सावध व्हावं, हे नर्सिंगच्या मुलींना शिकवलेलं असतं. पण आपल्याकडे बीपी मोजतात झोपवून. पडतात मात्र माणसं उभ्याने.

कॉट वर-खाली होणारी आहे. दुपारी ड्रेसिंगवाल्याने कंबर वाकवायला नको म्हणून ती वर घेतली, ती वरच राहिली. दोन्ही बाजूंचे कठडे वर. आजोबा कठड्यावरून उडी मारत नाहीत, तेवढे ते वेडे नाहीत. ते सरकत सरकत पायथ्याकडे जातात, कठडा संपतो आणि कॉटची पाटी सुरू होते त्या फटीतून एक पाय बाहेर काढतात. जमीन पायाला लागत नाही. खाली लोखंडी स्टूल आहे. त्याच्या चार पायांपैकी एकाचं रबर गेलेलं आहे, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चष्मा ड्रॉवरमध्ये, टॉवेलात गुंडाळून. श्रवणयंत्र घरी, ‘तिथे हरवेल’ म्हणून. सपाता फरशी पुसणाऱ्याच्या दांड्याने कॉटखाली पार भिंतीशी गेलेल्या. सलाईनच्या स्टँडचं एक चाक फिरत नाही, त्यामुळे तो सरळ ढकलला की डावीकडे जातो. आजोबा उजवीकडे निघालेत.

बेल आहे ना! एवढं बिल घेतात, बेल नसेल कशी? आहे, डोक्यामागच्या भिंतीवर. वायर लोंबकळते, येता-जाता अडकते म्हणून कुणीतरी ती ऑक्सिजनच्या मीटरला छान तीन वेढे देऊन बांधून ठेवली आहे. तिथपर्यंत हात पोचवायचा तर आजोबांनी आधी उठून उभं राहायला हवं.

आणि समजा, बेल उशाशी असती, तरी आजोबांनी ती वाजवली असती असं नाही. या पिढीचं बेलशी काही जमत नाही. ज्याने चाळीस वर्षं नोकरीत शिपायाला बेल मारली तो इथे मारत नाही. तिथे पाणी मागायचं होतं, इथे लघवी सांगायची आहे, आणि तीही नातीच्या वयाच्या मुलीला. ‘पोरीला कशाला त्रास’, ‘मी काय लोळागोळा झालोय का’, ‘चार पावलं तर आहेत’. आजींचं आणखी वेगळं. त्या तर स्वतःच्या घरातही कुणाला उठवत नाहीत. बाकड्यावर मुलगा झोपलेला असतो. दिवसभर ऑफिस करून आलाय, झोपू दे बिचाऱ्याला. आपल्याकडचा निम्मा अपघात या ‘बिचाऱ्याला’ मध्ये आहे.

संडासाच्या दाराशी दोन इंचांचा उंबरा आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पाणी तरीही बाहेर येतं, उंबरा राहतो. दार आत उघडतं. म्हणजे आत कुणी पडलं तर ते अंगच दाराला अडसर होणार. भिंतीवर चकचकीत दांडी आहे, ती टॉवेलची. टॉवेलाचा भार ती पेलते. आजोबा बासष्ट किलोंचे आहेत.

यानंतर जे होतं त्याचा आवाज सगळ्या वॉर्डाला ओळखू येतो.

मग मात्र यंत्रणा अशी हलते की बघत राहावं. डॉक्टर येतात, एक्स-रे होतो, सीटी होतो, आणि ‘इन्सिडेंट रिपोर्ट’ लिहिला जातो. कठडे वर होते? होते. पिवळा पट्टा होता? होता. मार्क मांडले होते? ७५, तिन्ही पाळ्यांना, सहीनिशी. नातेवाइकाला समजावलं होतं? ही बघा त्याची सही. कागदावर आजोबा पडूच शकत नाहीत. तरी पडले, याचा अर्थ चूक आजोबांची. फारच आरडाओरडा झाला तर चूक रात्रपाळीच्या सिस्टरची. तिला मेमो. परिसेविका बाईंनाही बोलणी बसतात. उंबऱ्याला, स्टूलला, फिरत नसलेल्या चाकाला मेमो देण्याची सोय अजून निघालेली नाही. झोपेची गोळी ज्यांनी लिहिली त्यांना मेमो देण्याची सोय आहे की नाही, हे विचारण्याचीही सोय नाही.

या मेमोचं फळ म्हणजे पुढच्या वेळी पेशंट पडतच नाही. तो ‘जमिनीवर बसलेला आढळतो’. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या रुग्णालयांना पेशंट किती पडले याचा हिशेब ठेवावा लागतो, एक हजार पेशंट-दिवसांमागे किती, असा. आकडा शून्याच्या जवळ असला की बैठकीत टाळ्या. पडल्याचं सांगणाऱ्या सिस्टरला शिक्षा आणि आकडा कमी दिसला की शाबासकी, असा कारभार असेल तर आकडा कमीच दिसणार. त्यासाठी एकाही म्हाताऱ्याला हात धरून नेण्याची गरज पडत नाही. मला विचाराल तर ज्या रुग्णालयाच्या तक्त्यावर या रकान्यात वर्षभर शून्य आहे तिथे मी माझ्या आईला दाखल करणार नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, म्हणून एक कोरडा आकडा. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक ते तीनातला एक वर्षाच्या आत दगावतो, असं जगभरचे अभ्यास सांगतात. न्यूमोनिया बरा झाला, आजोबा गेले. बिलावर दोन्हींचा खर्च.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचं रडगाणं, परदेशात किती छान असतं. तर तिकडचीही मजा ऐका. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजनेने ऑक्टोबर २००८ पासून ठरवलं, की रुग्णालयात पडून पेशंटला इजा झाली तर त्या इजेच्या जादा उपचाराचे पैसे मिळणार नाहीत. हेतू चोख. पैसा अडला की माणूस शहाणा होतो. रुग्णालयं शहाणी झालीच. त्यांनी ओळखलं, की जो उठणारच नाही तो पडणारही नाही. म्हाताऱ्यांना कॉटवर बसवून ठेवायला सुरुवात झाली. उठू नका, हलू नका, आम्ही येतो. आणि कॉटवर माणसाचं काय होतं? २००७ साली छापलेल्या एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट, कुठलाही आजार नसलेल्या ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. धडधाकटांचं! आजाऱ्याचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणजे रुग्णालयात पडू नये म्हणून पाय काढून घ्यायचे आणि घरी जाऊन पड म्हणून डिस्चार्ज द्यायचा. घरी पडलेला पेशंट रुग्णालयाच्या रकान्यात येत नाही.

मग आला अलार्म. गादीखाली एक पट्टी, पेशंट उठला की ती कोकलते. टेनेसीतल्या एका रुग्णालयात सोळा वॉर्डांवर, सत्तावीस हजारांहून जास्त पेशंटांवर त्याची पारख झाली आणि २०१२ साली निकाल छापला गेला. अलार्म खूप वाजले. पडणारे तितकेच पडले. यात न कळण्यासारखं काय आहे? अलार्म वाजतो तेव्हा पेशंट उठलेला असतो आणि सिस्टर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला असते. ऑस्ट्रेलियाने सहा उपायांचा एक संचच केला. डोक्याशी पाटी, संडासात सोबत, ठरलेल्या वेळी संडासला नेणं, चालण्याचं साधन हाताशी, बुटकी कॉट, अलार्म. सहा रुग्णालयं, २४ वॉर्ड, ४६ हजारांवर दाखल पेशंट. २०१६ साली निकाल आला. फरक नाही. सिस्टरांच्या डोक्यावर सहा कामं वाढली आणि आजोबा आपल्या वेळेला पडले.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने तर २०१३ सालीच सरळ सांगून टाकलं, की पेशंट पडेल की नाही याचं भाकीत करणारे हे मार्काचे खेळ वापरू नका. पासष्टच्या पुढचा दाखल झालेला प्रत्येक पेशंट पडू शकतो असं समजा आणि त्याला नेमकं काय हवंय ते बघा. भाकितं बंद, कामाला लागा. आपल्याकडे मात्र ऑडिटवाले आले की पहिला प्रश्न, मोर्स स्केल भरलंय का? आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्याने काढली त्याने कुठलं तरी ऑडिट पाहिलेलं असणार.

मग उपाय चालतो कुठला? चालतो, पण तो इतका साधा आहे की त्याचं उद्घाटन करता येत नाही.

अमेरिकेत अनेक रुग्णालयांत मिळून एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २००६ साली छापला गेला. सिस्टरांनी बेलची वाट न बघता ठरावीक वेळाने स्वतःच फेरी मारायची. दुखतंय का, लघवी-संडासला जायचंय का, कूस बदलून देऊ का, आणि पाणी, चष्मा, बेल हाताशी आहे का. बेल वाजणं कमी झालं, आणि जिथे ही फेरी तासातासाला झाली तिथे पडणंही कमी झालं. पुढचे सगळे अभ्यास इतके एकमुखी नाहीत, कारण फेरी मारणं वेगळं आणि फेरीच्या तक्त्यावर टिकमार्क करणं वेगळं. आपल्याकडचा असा एखादा तक्ता कधी निरखून पाहा. दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन, सगळ्या टिका एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात ओढलेल्या. मी त्या सिस्टरला दोष देत नाही. तिला फेरी मारायला वेळ नव्हता, तक्ता भरायला मात्र सक्ती होती.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो आपल्या अंगाचा आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या १४ वॉर्डांत तो करून पाहिला. ३७ हजारांहून जास्त पेशंट. निकाल २०२० साली छापला. सिस्टर, पेशंट आणि घरचं माणूस, तिघांनी कॉटशेजारी बसून एक तक्ता भरायचा आणि तिथेच लावायचा. मार्क काढून थांबायचं नाही. हा पेशंट कशामुळे पडेल आणि म्हणून त्याच्यासाठी काय करायचं, एवढंच त्यावर लिहायचं. सलाईन आहे, म्हणून उठताना हाक मारायची. काठी लागते, म्हणून ती इथे ठेवायची. रात्री दोनला जावं लागतं, म्हणून पावणेदोनला कुणीतरी यायचं. पडणं १५ टक्क्यांनी घटलं, पडून इजा होणं ३४ टक्क्यांनी. ऑस्ट्रेलियातही पेशंटला नीट बसून समजावलं तर फरक पडतो असं दिसलंय, पण डोकं शाबूत असलेल्यांतच. ज्याला रात्री भ्रम होतो, जो वॉर्डाला स्वतःचं गावचं घर समजून मागच्या दाराने परसाकडे निघतो, त्याला समजावून उपयोग नाही, त्याच्याजवळ माणूसच लागतं. आपण त्याच्याजवळ माणूस ठेवत नाही. गॉजपट्टीने त्याचे हात कठड्याला बांधतो. बांधल्याने पडणं थांबत नाही, मनगटं सोलतात, आणि भ्रम असेल तर तो वाढतो. दुसरी युक्ती कॅथेटरची. लघवीचा प्रश्नच मिटवून टाकायचा! मग जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, तापात भ्रम होतो, आणि आजोबा कॅथेटरसकट उठतात.

अमेरिकेला घरचं माणूस कॉटशेजारी यावं म्हणून प्रयत्न करावे लागतात. आपल्याकडे ते कॉटखालीच सतरंजी टाकून झोपलेलं असतं. इतकी मोठी फौज फुकट मिळालेली असताना तिचा उपयोग आपण कशासाठी करतो? औषधं आणायला, रक्ताची बाटली न्यायला, बिल भरायला आणि सही करायला. ‘पेशंटला एकटं सोडणार नाही, पडल्यास जबाबदारी आमची’ अशा अर्थाचा कागद पुढे येतो, मुलगा वाचायच्या आत सही करतो. पण बाबांना उठवायचं कसं, हे त्याला कुणी दाखवत नाही. आधी कॉट खाली घ्या. कुशीवर वळवा. पाय खाली सोडून मिनिटभर बसू द्या. चक्कर येते का विचारा. मग उभे करा, बगलेत हात घालून ओढू नका, कमरेला आधार द्या. सगळं मिळून पाच मिनिटांचा धडा. एखाद्या जुन्या सिस्टरने तो एका मुलाला दिला की तो शेजारच्या कॉटवाल्यालाही शिकवतो, आपल्याकडे उपदेशाला कधी तुटवडा नसतो. हा धडा दिलाच पाहिजे, असा नियम मात्र कुठे दिसत नाही. सही घेतलीच पाहिजे, असा दिसतो.

आणि नातेवाईक म्हणजे नर्सिंगला पर्याय, असं समजू नका. एकटे आलेले म्हातारे असतात. मुलं परदेशात आहेत म्हणून ब्यूरोची बाई ठेवलेली असते, ती बिचारी दुसरीकडची दिवसपाळी करून इथे रात्रपाळीला आलेली, आठ वाजताच पेंगते. शेवटी प्रश्न सिस्टरांच्या आणि मावशींच्या संख्येवर येतोच.

हिशेब करा. अंगाने थकलेल्या माणसाला उठवून, नेऊन, बसवून, थांबून, धुवायला मदत करून परत आणायला सरासरी पंधरा मिनिटं धरा. तीस कॉटच्या वॉर्डात असे दहा जण. प्रत्येकजण रात्रीतून दोनदा. झाली तीनशे मिनिटं, म्हणजे पाच तास. उरलेल्या वेळात तीस जणांची इंजेक्शनं, सलाईन, बीपी, साखर, एखादा अत्यवस्थ, एखादा नवा दाखल, आणि तीस मोर्स स्केल. आणि सिस्टर एकटीच असेल तर ज्या पंधरा मिनिटांत ती एका आजींसोबत संडासात आहे, त्या पंधरा मिनिटांत एकोणतीस जणांकडे कुणी नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका, इतरत्र पाचमागे एक, शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री फेरी मारून या आणि हा आकडा तिथे कुणाला सांगा. लोक तुम्हालाच भ्रम झालाय समजून पिवळा पट्टा बांधतील.

खासगीत माणसं जास्त दिसतात, त्यातली किती टिकतात ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितलं, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत. किमान! ते सांगायला समिती लागली यातच सगळं आलं. मुलगी सहा महिन्यांत काम शिकते, कुठल्या आजोबांना रात्री दोनला जावं लागतं हे ओळखू लागते, आणि दुसरीकडे चार हजार जास्त मिळाले की निघून जाते, तिच्या जागी नवी येते. आखाती देशात गेली तर परत येतच नाही. मावशी-मामांची पदं तर कंत्राटात विरघळून गेली. आणि पेशंटला खरा हात देणारं माणूस तेच. बदल्यात त्यांना काय? डिस्चार्जच्या दिवशी मुठीत सरकवलेली पन्नासची नोट.

पैसा नाही म्हणावं तर तोही दिसतो की. स्वागतकक्षात इटालियन संगमरवर, मधोमध कारंजं, भिंतीवर सात देशांची घड्याळं. त्याच रुग्णालयात संडासात वजन पेलणाऱ्या पकडदांड्या नसतात, न घसरणारी फरशी नसते. कारंजं पाहायला येणारे नातेवाईक ठणठणीत असतात, संडासात जाणारा आजारी, हे साधं गणित वास्तुविशारदाला कुणी सांगत नाही. आणि १२ मे उजाडला की परिचारिका दिन. दिवे लावतात, गुलाब देतात, शपथ होते, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार घालून भाषण होतं. त्याही दिवशी रात्रपाळीला दोघीच. गुलाब मिळालेल्या.

म्हणून वाचकहो, घरातलं वडीलधारं माणूस रुग्णालयात दाखल करताना काउंटरवर तीन प्रश्न विचारा. कारंज्याकडे पाठ करून विचारा. या वॉर्डात रात्री किती पेशंट आणि किती सिस्टर असतात? रात्री संडासला कोण नेतं? बाबांच्या गोळ्यांपैकी झोपेची, रक्तदाबाची आणि लघवीची कुठली, आणि ती किती वाजता देणार? पहिल्याचं उत्तर लेखी मागा. मिळणार नाही, तरी मागा. कॉटजवळ पोचलात की बेलची वायर सोडवून उशीला पिन लावून अडकवा, चष्मा बाहेर काढा, कॉट खाली घ्या, सपाता नव्हे तर मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला आणा. सिस्टरवर ओरडू नका. ओरडायचं असेल तर व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये जा, ती दिवसा दहा ते पाच उघडी असते.

पेशंट पडतात रात्री.